शेवटच्या टोकाचा चहा

खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली, "माझे वडील खोटं बोलत नाहीत. एवढं सिद्ध करून द्याल का?"

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. खाजगी तपासाच्या धंद्यात तिचे केस पांढरे झाले होते. "लोक बहुधा उलटी मागणी घेऊन येतात," ती म्हणाली. "बसा."

भाच्याने खुर्ची पुढे केली. तो आत्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा. विमा कंपनीतली नोकरी सुटल्यापासून तो आत्याची स्कूटर चालवायचा आणि कुठल्याही प्रकरणात पहिला संशय कुणावर घ्यायचा ते ठरवायचा. तो संशय हमखास चुकायचा. त्याचाही उपयोग आहे, असं आत्याचं म्हणणं. एक माणूस लगेच कमी होतो.

बाई औषधांच्या दुकानात कामाला होती. वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आता निवृत्त.

"'खिडकीची जागा' नावाचं मासिक आहे," ती म्हणाली. "आगगाडीवेड्यांचं. मालगाड्या वगैरे नाहीत त्यात, फक्त माणसं नेणाऱ्या गाड्या. कुठल्या गाडीला कुठला डबा कुठे असतो, कुठल्या खिडकीतून काय दिसतं, असलं सगळं. ते बाबांनी आणि त्यांच्या मित्राने मिळून सुरू केलं. पहिला अंक निघाला आणि बाबांची दूरच्या गावी बदली झाली. मित्राने ते जन्मभर चालवलं. सिग्नलकाका म्हणायचे त्यांना सगळे. बोलताना एक हात वर करून उभे राहायचे म्हणून. ते वारले. त्यानंतर बाबा इकडे परत आले."

"मग अडलं कुठे?"

"मासिकाला पन्नास वर्षं होतायत. स्टेशनावरच्या जुन्या प्रतीक्षालयात मासिकाचं दालन उघडणार आहे, रविवारी. बाहेर पाटी लागणार, संस्थापकाच्या नावाची. बाबा सभासदांच्या सभेत उठून म्हणाले, आम्ही दोघं होतो, पहिल्या अंकात माझंही नाव आहे."

"मग अंक उघडायचा नि बघायचं," भाचा म्हणाला.

"पहिला अंक कुणाकडेच नव्हता. हाताने फिरवायच्या यंत्रावर थोड्याशा प्रती काढलेल्या. बाबांची प्रत घर बदलताना गेली, सिग्नलकाकांची वाळवीने खाल्ली. आणि बाबा सभेत बोलले, तर थोड्याच दिवसांत एक प्रत सापडली." तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला. "त्यात बाबांचं नाव नाही."

आत्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"लोक रस्त्यात 'संस्थापक आले' म्हणून हसतात. त्याचं मला काही नाही. पण आता बाबाच म्हणायला लागलेत, माझ्याच डोक्यात काहीतरी गोंधळ झाला असेल. ते ऐकवत नाही हो."

मास्तरांच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. पेन्सिली कडक ते मऊ अशा ओळीने लावलेल्या. भिंतीवर खिळ्याला एक लांब लाकडी पट्टी, तिच्या एका टोकाला आडवी दांडी. ड्रॉइंग मास्तरांच्या काखेत असते तशी. मास्तर मात्र खुर्चीत असे बसले होते, की जणू दुसऱ्याच्या घरी आलेत.

"पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर काय होतं?" आत्याने विचारलं.

"बोगद्याचं तोंड. नुसतं काळं अर्धवर्तुळ. स्टेन्सिलवर तेवढंच जमायचं. हे मी सभेतही सांगितलं."

"आणि आत?"

"रातराणीच्या डब्यांची मांडणी. रातराणी म्हणजे इथून सुटणारी रात्रीची मेल. बंद झाली ती केव्हाच."

"हे पण सभेत सांगितलंत?"

"हो."

"मांडणीचं चित्र कुणी काढलं होतं?"

मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "त्या चित्राचं नका विचारू."

"बाबा, सांगा ना नीट."

"काय सांगू? ज्या अंकात मी नाहीच, त्यातलं चित्र माझं कसं असेल?"

जिना उतरताना भाचा कुजबुजला, "आत्या, म्हातारा काहीतरी लपवतोय."

"लपवतोय," आत्या म्हणाली. "आता माणूस काय काय लपवतो ते सांग बघू."

"गुन्हा."

"आणखी?"

भाचा खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागला.

मासिकाची कचेरी म्हणजे एका जुन्या इमारतीतली लांबट खोली होती. सध्याच्या संपादकांनी स्वतः कुलूप काढलं. शर्टाची घडी कडक, मिशी सारखी कापलेली. सभासद त्यांना पाठीमागे 'शुद्धिपत्र' म्हणत. का म्हणत, ते भाच्याला दारातच कळलं.

"वा, काय फोटो आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "पहिल्या डब्याचा आहे ना?"

"शेवटच्या," संपादक म्हणाले. "मागे तांबडा दिवा दिसतोय."

"किल्ली कुणाकुणाकडे असते?" आत्याने विचारलं.

"एकच आहे. माझ्या खिशात. माझ्या माघारी इथे कुणी येत नाही, म्हणून तर सगळं जागेवर आहे."

भाचा कोपऱ्यातल्या एका यंत्राला टेकला. दांडा असलेलं, जाडजूड रूळ असलेलं धूड.

"टेकू नका. सिग्नलकाकांचं सायक्लोस्टाइल यंत्र आहे ते. छापखान्यात अंक जायला लागला तेव्हा त्यांनी ते ठेवून दिलं. त्यानंतर कुणी एकदाही फिरवलेलं नाही."

भाचा ओशाळून बाजूला झाला. संपादकांनी सापडलेला पहिला अंक टेबलावर ठेवला. पिवळट कागद, वर काळं अर्धवर्तुळ. आतल्या पानावर 'संस्थापक' या शब्दाखाली एकच नाव, सिग्नलकाकांचं. शेजारच्या पानावर रातराणी, इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत नीट आखलेली.

"चहाचा डबा कुठला यातला?" भाच्याने विचारलं. "अगदी मागचा असेल ना, धूर कुणाला लागू नये म्हणून?"

संपादकांना दाढ ठणकल्यासारखं झालं. "उपाहाराचा डबा म्हणतात त्याला. आणि मागे नाही, इंजिनापासून दुसरा. हा बघा, चित्रात बरोबर दाखवलाय. इथून सुटताना तो दुसराच असायचा."

"इथून सुटताना म्हणजे?" आत्याने विचारलं.

संपादकांचा चेहरा उजळला. "आपलं स्टेशन टोकाचं आहे. गाडी येते, इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं, आणि गाडी आल्या वाटेने परत निघते. त्यामुळे येताना जो डबा पुढे, तो जाताना मागे."

"छान समजावून सांगता. दुसरा अंक आहे का?"

दुसऱ्या अंकापासून सगळे अंक बांधलेले होते. आत्याने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. सिग्नलकाकांनी काढलेलं एक व्यंगचित्र होतं, खाली शब्द नाही. एक बारकेला माणूस गाडीच्या अगदी शेवटच्या दारात उभा. पुढे नुसते रूळ, डोक्याशी गार्डाचा दिवा. एका हातात उपडा कप, दुसऱ्या हातात घडीचा कागद, कागदावर काळं अर्धगोल काहीतरी. काखेत छत्री.

"लांबलचक गाड्यांवरचा विनोद," संपादक म्हणाले. "फारसा जमलेला नाही."

"छत्रीला मूठ नाही," आत्या पुटपुटली. मग तिने खिडकीखालच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. "ही पुस्तकं कसली?"

"मासिकाचा इतिहास. माझी अनेक वर्षांची मेहनत. रविवारी प्रकाशन." त्यांनी एका गठ्ठ्यावरून हात फिरवला. "हे बांधून आलं, आणि त्यानंतर पहिला अंक सापडला. तरी एक अक्षर बदलावं लागलं नाही."

"नशीबवान आहात."

"यात नशिबाचं काही नाही. अभ्यास आहे."

"रविवारच्या कार्यक्रमात काय काय आहे?"

"पाटीचं अनावरण, प्रकाशन, चहा. चहा शेवटच्या रांगेपासून. आमची जुनी पद्धत आहे. सगळ्यात मागे बसणाऱ्या गार्डाला मान म्हणून. इतिहासात त्यावर अख्खं पान दिलंय मी."

पहिला अंक सापडला होता जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानदार दारातल्या स्टुलावर बसून शिंकत होता.

"बसा. धुळीची ॲलर्जी आहे," तो म्हणाला, "आणि धंदा हा. देवाने काय जोडी जमवलीय." त्याने एक गठ्ठा सोडला आणि सलग शिंकला.

"तो अंक कुणी आणून दिला?"

"कुणी नाही. सकाळी शटर उघडलं तर खाली पोतं. जुनी वेळापत्रकं आणि मध्ये हा अंक. मेलेल्या माणसाची पुस्तकं लोक अशीच ठेवून जातात, तोंड दाखवत नाहीत. मी संपादकांना फोन केला. गाडीचं काही आलं की मी त्यांनाच कळवतो."

"पोतं सोडताना बराच त्रास झाला असेल."

"वेळापत्रकांनी जीव खाल्ला. मग हा अंक काढला आणि..." तो थांबला. "गंमत आहे. तो उघडून सगळा चाळला, अगदी नाकाशी धरून. शिंक आली नाही."

"तुम्हाला रातराणी आठवते?"

"बाई, गाडीला इंजिन पुढे असतं, एवढंच मला माहीत आहे."

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "हाच. विकायला चांगला माल हवा म्हणून यानेच बनवला."

"शिंकेची गोष्ट मग त्याने आपल्याला कशाला सांगितली?"

भाच्याने स्कूटर सुरू केली. एक माणूस कमी झाला.

सिग्नलकाकांचा मुलगा दंतवैद्य होता. हातमोजे काढत तो म्हणाला, "पाटीवर वडिलांचं एकट्याचं नाव आलं तर मला आवडेल. खोटं कशाला सांगू? माझे सगळे रविवार त्या स्टेशनाने खाल्ले. निदान पाटी तरी पूर्ण आमची असू दे."

"तुम्हीही गाड्यांचे शौकीन?"

"मला गाडी लागते. ओकाऱ्या होतात. वडिलांना शेवटपर्यंत त्याचं दुःख होतं."

"रातराणीचा उपाहाराचा डबा कुठे असायचा?"

"मी त्या वेळी पाळण्यात असेन."

"वडील कधी ड्रॉइंग मास्तरांबद्दल बोलले?"

"नाही. ते जुन्या गोष्टी सांगायचे नाहीत, नुसते हसायचे. घरीसुद्धा चहा शेवटी बसलेल्याला आधी द्यायचे. आई चिडायची. मी कारण विचारलं तर म्हणाले, एकदा शेवटच्या टोकाला चहा मिळाला नव्हता, त्याची ही भरपाई."

"भरपाई," आत्याने तो शब्द पुन्हा उच्चारला. "मान नव्हे."

परतताना भाच्याने सिग्नलला स्कूटर थांबवली. "दंतवैद्यच. स्वतःच्या तोंडाने हेतू कबूल केलाय."

"हेतू आहे. हात कुठे आहे?" आत्या मागून म्हणाली. "बरं, तुझ्या बाहीला काय लागलंय?"

कोपराशी काळा डाग होता, बोटाला लागेल इतका ओला. "साखळीचं ग्रीस असेल."

"स्कूटरला साखळी दिसते का तुला? आज कुठे कुठे टेकलास ते आठव. धुऊ नकोस तो शर्ट. रविवारी तोच घाल."

रविवारी प्रतीक्षालयात खुर्च्या मांडल्या होत्या. दालनाच्या पाटीवर निळं कापड. सभासद आपापल्या गटात बोलत होते, आणि मास्तर आत आले तसे बोलणं थांबलं. मुलगी त्यांना धरून शेवटच्या रांगेत घेऊन गेली. पुढे जागा होती, पण कुणी सरकलं नाही.

दंतवैद्य पहिल्या रांगेत बसला होता. दुकानदार दाराशी, रुमाल हाती धरून. संपादक कापडाच्या दोरीला हात घालणार, एवढ्यात आत्या उभी राहिली.

"त्याआधी एक कोडं घालू का? सगळ्यांनी मिळून सोडवायचं. अवघड नाही."

संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. पण कोडं म्हटल्यावर सभासदांनी माना पुढे काढल्या होत्या.

आत्याने दुसऱ्या अंकातलं व्यंगचित्र मोठं करून आणलं होतं. ते तिने भाच्याच्या हातात दिलं. "हा माणूस काय शोधतोय?"

"चहा," कुणीतरी म्हणालं. "कप रिकामा आहे."

"कुठे शोधतोय?"

"शेवटच्या डब्यात."

"रातराणीत चहा तिथे मिळायचा?"

"छे, इंजिनापासून दुसऱ्या डब्यात." हे दोघातिघांनी एकदम सांगितलं. संपादकांनी मान डोलावली.

"मग हा शहाणा चहासाठी शेवटच्या टोकाला का गेला? त्याच्या हातात बघा. घडीचा कागद, त्यावर काळं अर्धवर्तुळ. कुठे पाहिलंय हे?"

खोलीत चुळबुळ झाली. "बोगदा," दंतवैद्य हळूच म्हणाला. "पहिला अंक."

"पहिला अंक. हा माणूस पहिला अंक वाचत वाचत शेवटच्या टोकाला गेला. म्हणजे पहिल्या अंकानेच त्याला तिथे पाठवलं. खऱ्या पहिल्या अंकात उपाहाराचा डबा चुकीच्या टोकाला होता. तेवढ्यासाठी दुसऱ्या अंकात हे चित्र आलं, आणि तेवढ्यासाठी तुमच्याकडे चहा मागच्या रांगेपासून सुरू होतो. गार्डाच्या मानाचा त्यात संबंध नाही. सिग्नलकाका घरी म्हणायचे, ती भरपाई आहे." तिने टेबलावर मांडलेला, सापडलेला अंक उचलला. "आणि यात तो डबा अगदी बरोबर जागी आहे."

तिने तो अंक पुढच्या रांगेला दिसेल असा धरला.

"हा पहिला अंक नाही. जुन्या कागदावर काढलेला नवा अंक आहे. शेजारच्या वेळापत्रकांनी दुकानदारांचा जीव खाल्ला, पण याने त्यांना एक शिंक आणली नाही. कागद जुना खरा, पण कुठल्यातरी बंद कपाटात जपून ठेवलेला, धूळ न खाल्लेला. मग हा बनवला कुणी? रातराणी कशी होती ते दुकानदारांना माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. मास्तरांना आहे, पण स्वतःचं नाव खोडायला कुणी एवढी मेहनत घेत नाही." ती भाच्याकडे वळली. "बाही दाखव."

भाच्याने कोपर वर केलं. व्यंगचित्र दुसऱ्या हातात सावरताना त्याची त्रेधा उडाली.

"मासिकाच्या कचेरीत हा एका यंत्राला टेकला. अनेक वर्षांत कुणी न फिरवलेलं यंत्र, आणि त्याला ओली शाई. त्या खोलीची किल्ली एकच."

सगळ्यांच्या नजरा दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे गेल्या.

"कशासाठी?" दंतवैद्याने विचारलं. "तुम्हाला यातून काय मिळणार होतं?"

उत्तर आत्याने दिलं. आवाजात राग नव्हता. "त्यांचा इतिहास आधीच बांधून आला होता. त्यात संस्थापक एक. मग मास्तर उठले आणि म्हणाले, दोन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर चूक. पुस्तक बदलता येईना, म्हणून त्यांनी पुरावा बदलला. अंकात काय काय होतं ते मास्तरांनी सभेत सांगितलंच होतं. एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती, लाजेपोटी."

संपादक दोरी सोडून खुर्चीत बसले.

"मला माहीतच नव्हतं, की मूळ चित्र चुकलेलं होतं," ते म्हणाले.

"माहीत असतं तर चुकीचं काढलं असतंत?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नाही," ते शेवटी म्हणाले. "हात वळला नसता."

"ठीक आहे," मागून एक सभासद म्हणाला. "अंक बनावट. पण म्हणून मास्तर संस्थापक होते, हे कुठे ठरलं?"

आत्याने व्यंगचित्रावर बोट टेकवलं. "याच्या काखेत काय आहे?"

"छत्री," भाचा म्हणाला.

"मूठ कुठाय?"

भाच्याने चित्र डोळ्यांजवळ नेलं. लांब पट्टी, एका टोकाला आडवी दांडी. मास्तरांच्या खोलीतला खिळा त्याच्या डोळ्यांसमोर आला. "ही ड्रॉइंग मास्तरांची पट्टी आहे," तो सावकाश म्हणाला. आणि या वेळी, बहुधा पहिल्यांदाच, तो चुकला नव्हता.

"ज्याने चूक केली, त्याचीच मित्राने प्रेमाने थट्टा केली," आत्या म्हणाली. "त्यालाच रिकामा कप देऊन शेवटच्या डब्यात उभं केलं."

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर मुलीचा हात न धरता उभे राहिले होते.

"मी गाडी आलेली असताना चित्र काढलं," ते म्हणाले. "फलाटावर बसून, एकेक डबा मोजून. मग घरी गेलो. इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अंक वाचून लोक कप घेऊन गाडीभर फिरले. मी बदलीच्या गावी निघालो तेव्हा तो फलाटावर हसत उभा होता, हात वर करून." त्यांचाही हात किंचित वर गेला. "मला वाटलं होतं, ती चूक तरी लोक विसरले असतील. चूक माझीच होती. आणि म्हणूनच अंकही माझा होता."

दंतवैद्य उठला, पाटीपाशी गेला आणि निळ्या कापडाची गाठ सोडण्याऐवजी ती आणखी घट्ट केली. "पाटी पुन्हा रंगवून आणू," तो म्हणाला. "दोन नावांची."

संपादकही उठले. इतिहासाच्या गठ्ठ्याकडे न बघता ते चहाच्या टेबलाशी गेले. ट्रे उचलताना कप किणकिणले. पहिली रांग ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि ते अगदी मागच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले. त्यांनी ट्रे पुढे केला.

मास्तरांनी कप घेतला. आधी आत डोकावून पाहिलं, भरलेला आहे ना म्हणून. मग मुलीकडे पाहून हसले.